तिसरं कडवं

२ फेब्रुवारी, रविवार

परत खाली! मास्तरांच्या मागेच उभी होते मी. कीबोर्डच्या काचेवरचा आकडा माझ्या डोळ्यांनी पाहिला — उणे तीन.

ते एक बटण असतं. मास्तरांची बोटं आपली नेहमीच्याच पट्ट्यांवर, आणि बटण दाबलं की अख्खं गाणं खाली सरकतं. पहिल्यांदा उणे एक, मग उणे दोन, आता तीन. "कुणी सांगितलं?" विचारलं, तर मास्तर चष्मा पुसायला लागले. शाळेत गणित शिकवणारा माणूस, आणि एवढ्याशा प्रश्नाचं उत्तर येईना! पण विचारायचं तरी कशाला? आमच्या गायनमंडळात नणंदबाईंच्या हुकमाशिवाय पान हलत नाही.

कारण उघड आहे. तिचा आवाज उतरलाय. माझ्याहून तीन वर्षांनी लहान, पण आज मेंढपाळाच्या गीताचं पहिलं कडवं म्हणाली ते विहिरीतून बोलल्यासारखं. स्वतःला वर जाता येत नाही, म्हणून सगळ्यांना खाली ओढायचं. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

माझं तिसरं कडवं मात्र छान झालं. पत्र्याचं चर्च, चाळीस माणसं, त्यात पंधरा पोरं आणि उंबऱ्यात झोपलेलं कुत्रं — पण 'एक राहिलं डोंगरात, त्याला हाक मार' म्हटलं आणि पहिल्या बाकावरची म्हातारी डोळे पुसायला लागली. 'हाक' हा त्या गाण्यातला सगळ्यात उंच सूर. एकोणीस वर्षं तो माझा आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार

घसा खरखरतोय. रविवारी व्हॅनमध्ये माझ्या बाजूची काच कुणी उघडी ठेवली होती? तिनंच. "जरा हवा येऊ दे, वहिनी." हवा म्हणे!

८ फेब्रुवारी, शनिवार

डोकं फिरलंय.

सोळा तारखेला डोंगरापलीकडच्या चर्चला पन्नास वर्षं होतायत. मोठी सभा, मांडव, आसपासच्या सगळ्या मंडळ्या येणार. मेंढपाळाचं गीत आम्ही पहिल्यांदा तिथंच म्हटलं होतं. आणि आज सराव संपल्यावर ही चहाचे कप गोळा करता करता म्हणते, "तिसरं कडवं या वेळी सगळ्यांनी मिळून म्हटलं तर? भरदार वाटेल."

बाकीच्या चौघी एकदम आपापल्या चपला शोधायला लागल्या. म्हणजे आधीच ठरलेलं!

"ते माझं कडवं आहे," मी म्हटलं.

"तुझंच आहे वहिनी, पण—"

"पण काय?"

"काही नाही."

काही नाही! पोटात एक, ओठात एक. हिला सूर धरायला कुणी शिकवलं? मी. स्वयंपाकघरात ताटावर बोटं वाजवून शिकवलं. कानामागून आली आणि तिखट झाली.

यांना सांगितलं. हे आमची व्हॅन चालवतात, सगळं ऐकून माहीत असतं, पण बहीण ना! म्हणाले, "तुम्ही दोघींनी असंच चालवलंत तर देव कानात कापूस घालून बसेल." मग म्हणाले, "तुझं वाईट व्हावं असं तिला वाटणार नाही गं." मी ताट उचलून आत गेले.

९ फेब्रुवारी, रविवार

उपासनेनंतर आमच्या चर्चच्या पाळकबाई भेटल्या. विषय मी काढला नाही, त्यांनीच काढला — हल्ली तुमचं गाणं इतकं खालच्या सुरात का? मी म्हटलं, "तिचा आवाज गेलाय हो. झाकतेय बिचारी."

'बिचारी' म्हणाले, हे लिहून ठेवते. तेवढी माणुसकी आहे माझ्यात.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पाळकबाईंच्या पोटात काही राहत नाही, हे मला माहीत होतं. आज सरावाला आल्या आणि सगळ्यांसमोर नणंदेला म्हणाल्या, "तुम्ही आता नुसतं मार्गदर्शन करा. वय कुणाला चुकलंय? गायचं बाकीच्यांवर सोडा."

मला वाटलं आता ही उसळणार. माझ्याकडे एकदा पाहिलं. मग हसली, पेन्सिल कानावर खोचली आणि म्हणाली, "सोळा तारीख पार पडू दे, मग बघू." बस्स. मास्तर काहीतरी बोलायला गेले, तर तिनं त्यांना डोळ्यांनीच दटावलं.

खोटं असतं तर बोलली नसती का? म्हणजे खरंच आहे. मला बरं वाटलं. इथं कुणापासून लपवू?

घरी येऊन भांडी घासताना तिसरं कडवं म्हणून पाहिलं. खणखणीत! गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं त्याला दोन वर्षं झाली. डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते, "बोलायला काही अडचण येणार नाही." मला कुणाच्या बटणाची गरज नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

ठरलं. सोळाला गाणं मूळ सुरातच होणार. तिचं बिंग तिथंच फुटू दे.

नाही, तसं नको लिहायला. तिचं पितळ उघडं पडू दे.

१६ फेब्रुवारी, रविवार

लिहिते. झोपायच्या आधी लिहिलं नाही तर सकाळी काहीतरी दुसरंच आठवेल.

मांडवात तीनशेच्या वर माणसं. आमच्या आधी कुणाची तरी साक्ष चालली होती, देवानं आपल्याला कसं तारलं ते सांगत होते, लांबतच गेली. मास्तर कीबोर्ड लावून पाणी प्यायला गेले. मी वह्या नीट करायच्या निमित्तानं पुढे झाले आणि शेजारचं दुसरं बटण तीनदा दाबलं. वर. शून्य.

मास्तरांनी पहिला सूर धरला आणि त्यांचा चेहराच उतरला. थांबता तर येत नाही. त्यांनी नणंदेकडे पाहिलं, तिनं काचेवरच्या आकड्याकडे, मग माझ्याकडे. मी समोर बघत राहिले. म्हटलं, आता गा!

तर ती गायली.

काय लिहू? स्वच्छ, भरलेला आवाज. विहीर नाही, काही नाही. पंख्यासारखे कागद हलवणारी माणसं हलवायची थांबली. इतक्या वर्षांत मी तो आवाज विसरूनच गेले होते. हा आवाज असताना ही बाई खाली कशाला घुसत होती? एवढंच डोक्यात फिरत होतं, आणि तोवर माझं कडवं आलं.

'एक राहिलं डोंगरात' झालं. 'त्याला' झालं. 'हाक'—

आलीच नाही. आवाज फाटलाही नाही. तोंड उघडं, आणि नुसती हवा. पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं आईकडे वळून पाहिलं.

आणि तेवढ्यात शेजारून तिनं 'हाक' उचलली. खंड पडू न देता, जसं काही आमचं तसं ठरलंच होतं. माझा कोपर घट्ट धरला होता. लोकांना वाटलं तशीच बसवलीय जागा. टाळ्या! पाळकबाई तर उभ्या राहिल्या.

तीनशे माणसांसमोर तिनं माझा सूर घेतला. तयारच होती. टपून बसली होती.

व्हॅनमध्ये थर्मासमधलं गरम पाणी पुढे केलं. मी घेतलं नाही. घसा दगडासारखा झाला होता, तरी घेतलं नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

कुणाशी बोलले नाही. बोलायला आवाजही नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

मंडळ सोडलं. तिच्या दारात जाऊन सांगितलं. आत ये म्हणाली, गेले नाही. म्हटलं, मंडळाच्या फायलीतली गाणी माझ्या हातची आहेत, माझ्या अक्षरातली. ती सगळी पानं परत दे.

वाटलं, आता तरी भांडेल. मला भांडण हवंच होतं. ती आत गेली, फाईल आणली, हातात ठेवली. म्हणाली, "वहिनी, घरी जाऊन लगेच उघडू नकोस. राग गेला की बघ."

अजून हुकूमच!

२० फेब्रुवारी, गुरुवार

राग गेला नव्हता, तरी उघडली.

जिथं जिथं माझं कडवं आहे, त्या प्रत्येक पानावर पेन्सिलीनं लिहिलंय. तिचं बारीक अक्षर. पहिली तारीख माझ्या ऑपरेशननंतर दीड महिन्याची. 'वहिनी — उणे एक.' मग 'उणे दोन, आता वर अडकत नाही.' मग 'उणे तीन.' जी गाणी तिची एकटीची, त्यांवर काहीच नाही.

मेंढपाळाच्या गीतावर, याच महिन्यातलं: 'तीनलाही जड जातंय. चार केलं तर तिला कळेल. सगळ्यांनी मिळून म्हणू. मास्तरांना पुन्हा बजावणे — तिला सांगायचं नाही.'

यांना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?" हे वर्तमानपत्रातून डोकं वर काढेनात.

२३ फेब्रुवारी, रविवार

उपासनेनंतर पाळकबाई म्हणाल्या, "काय हो, नणंदबाईंचा आवाज परत आला की!" मी म्हटलं, "तिचा गेलाच नव्हता. माझा गेलाय." सगळ्यांसमोर म्हटलं. नणंद मागून म्हणाली, "हळू बोल, वहिनी. संध्याकाळी गायचंय." संध्याकाळी मास्तरांच्या आधी मीच कीबोर्डपाशी गेले आणि बटण दाबलं. चारदा, खाली.