हलगीवाला कुणाला शोधत होता

प्रिय दिल्या,

हे पत्र तुझ्या आईमुळं. मागच्या बाजारादिवशी ती विट्याला आपल्या कॉम्प्युटर क्लासवर आली, पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "आमच्या दिल्यानं मशिनीत कुस्ती केली हाय म्हणं. मला दाव की." काय सांगणार होतो तिला? ती कुस्ती चालतच नव्हती! "पुढच्या बाजारी दावतो, काकू," म्हणून वेळ मारून नेली.

उंब्रजजवळ हायवेवर तुझी मोटरसायकल ट्रकखाली गेली, तेव्हापासून मला काही वाटतच नाही गड्या. रडू नाही, राग नाही. क्लासची पोरं दोन हजार साली मशिनी बंद पडणार का विचारतात, मी उत्तर देतो. जेवतो, झोपतो.

तर तुझा गेम. पहिली कुस्ती झकास. दुसरी सुरू झाली, हलगीवाल्यानं हात उचलला की सगळं जागच्या जागी थांबतं. पडद्यावर एवढंच : नल. म्हणजे नाव आहे, पण त्या नावामागं कुणीच नाही. कुणाचं नाव? सांगून तरी जायचंस!

आधी वाटलं, पंच सापडत नसेल. तो जागेवर होता. मग हलगीवाल्याला धरलं. पैलवान कुठं आहे ते सारखं विचारायचं आणि त्याप्रमाणं ठेका बदलायचा, हे तू त्याला शिकवलेलं. पण पैलवान हरला की तू त्याला मेमरीतनं पुसून टाकत होतास. हलगीवाल्याकडं नाव मात्र तेच राहायचं. पुसलेल्या माणसालाच तो बिचारा हाक मारत बसायचा.

आता सांग, हरलेला पैलवान मैदानातनं असा नाहीसा होतो का रं? माती झाडतो, पटका गुंडाळतो, कडेला बसून पुढची कुस्ती बघतो. पैलवानाला हे मी सांगावं? पण तू कुठं बसलास! जत्रेत चितपट झालास तो थेट एस.टी. धरून सांगलीला माझ्या खोलीवर. "कुस्ती संपली, आता कॉम्प्युटर शिकव." गेममध्येही तेच लिहून ठेवलंस, गाढवा! वर पहिल्याच कुस्तीत हरणाऱ्याला नाव स्वतःचं. तुझ्यामागं पहिल्यांदाच मला हसू आलं.

सोपा उपाय होता. कुणी नसेल तर विचारू नको, एवढी अट घातली. गेम चालला, पण हलगी मुकी झाली. ते काही बघवेना. मग पुसायची ओळच काढली आणि हरलेल्याला कडेला बसवलं. लय झ्याक वाजली रं हलगी!

आज तुझी आई आली. खुर्चीच्या टोकावर बसून दोन्ही कुस्त्या बघितल्या.

"त्यो कडंला बसलाय, त्यो कोण रं?"

"दिल्या."

ती पडद्याजवळ सरकली. लाईट जायची वेळ झालेली, म्हणून मी मशीन बंद करायला हात पुढं केला.

"ऱ्हाऊ दे," म्हणाली. "बसू दे जरा त्याला."

मला अजून रडू आलेलं नाही. पण दर बाजाराला ती येईल तेव्हा मशीन चालू असेल, आणि ती पुसायची ओळ मी पुन्हा लिहिणार नाही. शब्द दिला. तू फक्त एवढ्या वेळी उठून जाऊ नकोस.

तुझा,
शिवा