पगाराचा दुसरा दाखला

कांचघर, जबलपूर
२१ नोव्हेंबर १९६५

चि. कुंदीस अनेक आशीर्वाद.

आणि तेच तेच काहून लिहून राहिलीस? 'दादा, तू मोठेपणा मिरवलास.' मागच्या पत्रात तेच, या पत्रातही तेच. आईचा खोकला कसा आहे, हे लिहायलासुद्धा तुला जागा उरत नाही. मी इथे खुशाल आहे.

तुला वाटतं, दादाला शिष्यवृत्तीतलं काही समजत नाही. नाहीच समजत. मी सहावीतून उठलो. तू फॉर्म धाडलास, पालकाच्या पगाराचा दाखला जोड म्हणालीस, मी जोडला. पगार दीडशेच्या वर असला तर इतिहासाच्या एम.ए.ला पैसे मिळत नाहीत, हे मागच्या बाजूला बारीक इंग्रजीत होतं. दाखला लिहिला हापिसातल्या विष्णुपंतांनी. ओव्हरटाइम धरून त्यांनी एकशे सत्त्याऐंशी लिहिले. सप्टेंबरात लढाई चालू होती, फौजेच्या मालासाठी बारा-बारा तास खरादाच्या मशीनवर उभा होतो. आता यात माझी चूक काय?

परवा पंतांना हेच विचारलं. तू परत धाडलेला फॉर्म त्यांच्या टेबलावर जरा आपटलाच. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "भैया, तूच बोलला होतास ना, पंत, पूरा लिहा, एक पैसा सोडू नका? वरून जिलेबी आणली होतीस."

आणली होती. पाव किलो.

चलो, लिहूनच टाकतो. तुझा कागद एवढ्या मोठ्या कॉलेजात जाणार, प्रोफेसर लोक बघणार. अण्णा गेले तरी पोरीच्या मागे कोणी आहे, ऐरागैरा नाही, हे त्यांना दिसावं असं वाटलं. 'मजूर' हा शब्दही मीच काढायला लावला. पंतांनी 'कारखान्यात नोकरीस' असं लिहिलं. तेवढ्यापायी तुझं अडलं.

अजून एक आहे. हे आईला वाचून दाखवू नको. लढाई थांबली त्या दिवशी कारखान्यात बत्ताशे वाटले. माझ्या शेजारच्या मशीनवर बळीराम असतो, त्याचा भाऊ फौजेत आहे. तो तिथेच खाली बसून रडला. आणि मी बत्ताशा तोंडात धरून मनात म्हणत होतो, अजून चार महिने चालली असती तर कुंदीची दोन्ही वर्षांची फी निघाली असती. तेव्हापासून त्याच्याशी धड बोलता येत नाही. तो डबा पुढे करतो, मी भूक नाही म्हणतो. तू मास्तरीण झालीस की पोरांना लढाया शिकवशील, सन घोकून घेशील. असले लोकही होते, हे तुमच्या पुस्तकात असतं का गं? नसेल तर राहू दे.

चैन पडत नाही बघ. या महिन्यापासून ओव्हरटाइम बंद. सुटलो की रिछाईच्या रस्त्याने उगाच लांबवर जातो, परत येतो. खोलीत बसवत नाही. नवीन सायकल कशी पळते, हे तू तीनदा विचारलंस. कारखान्यात मी आता पायीच जातो. थंडीत चाललेलं बरं असतं.

पंत माणूस वाईट नाहीत. काल त्यांनी आपणहून बोलावलं आणि दुसरा दाखला लिहून दिला. यंदाची तारीख गेली, पण पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येतो असं तूच लिहिलंस. सोबत ठेवला आहे, जपून ठेव. यात अंबादास मजूर आहे आणि पगार दरमहा एकशे चार. मी समोर बसून वाचून घेतला. काही काढायला लावलं नाही.

यंदाची फी तीस तारखेच्या आत भर. पैसे कुठून आणले म्हणून पत्र लिहू नको. लिहायचंच तर वर्गात काय शिकवलं ते लिही, मला समजेल असं.

तुझा दादा,
अंबादास

मनीऑर्डर आजच केली. रुपये एकशे बासष्ट.