आईची तुकडी

३ सप्टेंबर, बुधवार
गौरी-गणपती बोळवून आज कामावर रुजू झालो. पनवेल स्टँडवर रिसॉर्टची गाडी न्यायला आली होती. बावीस वर्षं मुंबईच्या हॉटेलांत राबलो, पण मला न्यायला गाडी आली ती आजच. खाडीच्या तोंडाशी, जुन्या मिठागरांच्या जागेवर हे रिसॉर्ट उभं आहे. माझं सुशीचं काउंटर थेट पाण्यावरच्या लाकडी गच्चीत, समोर सात उंच खुर्च्या. कठड्याला टेकलं की खाली पाणी दिसतं. मॅनेजर मोरान मॅडम पनवेलच्याच, बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू. पहिल्याच भेटीत त्यांनी बजावलं की चव बघायला मला कोळंबी देऊ नका, आमच्यात बिनखवल्याचं चालत नाही. रावस मात्र कितीही द्या. हसलो.

पगार मुंबईपेक्षा कमी आहे, राहायला रिसॉर्टचीच खोली. पण आमचं गाव इथून बसने पाऊण तासावर. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची झाली. माझं लग्न झालं नाही, मला तीच एक. तिचे राहिलेले दिवस तिच्याजवळ काढावेत, एवढ्यासाठी आलो. देवाने ऐकलं.

५ सप्टेंबर, शुक्रवार
तांदूळ सात पाण्यांनी धुवायचा, शिजला की शिरका घालून पंख्याने वारा घालायचा. मग हात ओला करून लांबट घास वळायचा, वर कच्च्या माशाची पातळ तुकडी, कडेला काळे तीळ. भांडी घासणारी जनीबाय बाजूच्या गावची, माझ्याच वयाची. ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली आणि म्हणाली, “कच्ची मासली खायाला आमची मांजर फुकट येते. ही मान्सा गारी करून येतान!” मोरान मॅडम ऐकून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

७ सप्टेंबर, रविवार
घरी जाऊन आलो. आईने नेहमीप्रमाणे तीन पानं मांडली. तिसरं दादूचं.

दादू माझा धाकटा भाऊ. एकोणीस वर्षांपूर्वी भर दुपारी होडी घेऊन खाडीत गेला. होडी सापडली, तो नाही. बारा वर्षं झाल्यावर भटजींनी दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकायला सांगितलं, तर आई त्यांच्या अंगावर धावून गेली. तिच्या लेखी तो कुठेतरी जेवायला थांबला आहे. लहानपणी दादू नुसता भात जेवायचा आणि माशाची तुकडी ताटाच्या कडेला सारून ठेवायचा. आईसाठी. आई नको नको म्हणत खायची. आजही ती त्याच्या पानातली तुकडी कडेला ठेवते आणि दुपार कलली की कुत्र्याला घालते.

उद्यापासून पितृपक्ष.

८ सप्टेंबर, सोमवार
पंधरवड्यात मी मासा खात नाही, हाताला मात्र लागणारच. देव समजून घेईल. भात झाल्यावर पहिला घास वडिलांच्या नावाने कठड्यावर ठेवला, वर चार काळे तीळ. कावळा लगेच शिवला. बरं वाटलं.

नंतर एक गोष्ट ध्यानात आली. काउंटरवर माझं तोंड दक्षिणेला असतं. ओला हात, वळलेला भात, काळे तीळ, समोर पाणी. रोज शंभर वेळा मी हेच करतो. इतकी वर्षं कसं सुचलं नाही?

११ सप्टेंबर, गुरुवार
आज दुसरा घास ठेवला, दादूच्या नावाने. आईला सांगायचं नाही. वडिलांच्या घासाला कावळा शिवला. दादूच्या घासाभोवती दोनदा फिरला आणि उडून गेला.

म्हणजे दादू जिवंत असेल का? की काही मागे राहिलं आहे त्याचं? दोन्ही विचार एकमेकांना बसू देईनात. रावस कापताना अंगठा कापला.

१३ सप्टेंबर, शनिवार
तीन दिवस तेच. जनीबायला सांगितलं. ती म्हणाली, “येवरा शिकलेला मानूस तू दादा, येवरा पन कलत नाय? त्याचा कायतरी राह्यलाय. कबूल हो, मग शिवल.” खरंच, दहाव्याला सगळे तेच करतात. बायकोला बघू, पोरांना शिकवू, असं म्हटलं की कावळा उतरतो. पण दादूला ना बायको ना पोर. कबूल तरी काय व्हायचं?

१४ सप्टेंबर, रविवार
सुट्टी मिळाली नाही. दुपारी कठड्यापाशी हात जोडून मोठ्याने म्हणालो, “दादू, तुझी जी इच्छा असेल ती मी पुरी करीन.”

कावळा आलाच नाही. सुरी घ्यायला वळलो आणि परत पाहिलं तर घास नव्हता. कठडा ओला, त्यावर पाच बोटं उमटलेली. लाटेचं पाणी तिथवर येत नाही.

मन हलकं व्हायला हवं होतं. झालं नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार
सातव्या खुर्चीवरच्या ताटात भात संपलेला. माशाच्या तुकड्या कडेला सारलेल्या, एकाखाली एक, नीट.

कोण बसलं होतं ते कुणाला आठवत नाही. मोरान मॅडम म्हणाल्या, गर्दीत बघायचं राहून गेलं असेल, भाऊ, मनाला लावून घेऊ नका. खुर्ची ओली होती. जनीबायने तिच्यावरचा चिखल पुसला आणि फडकं धुतलं नाही, फेकून दिलं.

त्या तुकड्या मी कचऱ्यात टाकायला हव्या होत्या. हात होईना. कठड्यावर ठेवल्या. वळलो तोवर त्याही नव्हत्या.

१८ सप्टेंबर, गुरुवार
आईचा फोन. इतकं खूश मी तिला एकोणीस वर्षांत ऐकलं नव्हतं. “दादू आलता रं. जेवला. तूच धारलास म्हनं.” मी धाडलं म्हणे त्याला. पाठमोरा बसून जेवला, आणि येताना तिच्यासाठी तुकडी घेऊन आला. पितृपक्षात तिने ती खाल्ली. कच्चीच होती, आणि गार, म्हणाली. पण लेकाने आणलेली.

तुकडी मी कापलेली. इच्छा काय ती आत्ता कळली. त्याला आई हवी. मी विचारलीच नव्हती, आधी कबूल झालो.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
गावी गेलो. चुलीपासून दारापर्यंत जमिनीवर मिठाचे पांढरे डाग, पावलापावलाचे. शेजारच्या वेणूने सांगितलं, दुपारी म्हातारी हसत बोलत असते, समोर कुणी नसतं. आईच्या पाया पडलो, म्हटलं तो दादू नाही, आणि असला तरी जाऊ नकोस. ती रागावली. भाऊ आला त्याचा आनंद नाय तुला, म्हणाली. रविवारी तो तिला न्यायला येणार आहे.

रविवार म्हणजे सर्वपित्री अमावास्या. उधाणाची भरती दुपारी पाऊणला.

कठड्यापाशी विनवलं. दुसरं काहीही माग. मला ने.
पाणी नुसतं हलत होतं.

२० सप्टेंबर, शनिवार
रजा नाही. उद्या साठ पानांचं बुकिंग. तिला घरी एकटी ठेवणार कशी? वेणू कितीशी पुरणार? इथे आणतो. माझ्या समोर, माझ्या डोळ्यांपुढे बसवतो. मोरान मॅडम हो म्हणाल्या, आईंना मीच वाढीन म्हणाल्या.

आईला फोनवर विचारलं. लगेच तयार झाली. नवं लुगडं काढते म्हणाली.

इतक्या लगेच का —

२१ सप्टेंबर, रविवार
साडेअकरा. वही खोलीत राहिली. बिलाच्या कागदाच्या पाठीवर लिहितो आहे. आई सातव्या खुर्चीवर. मी इतर सहा दाखवल्या, ती तिथेच बसली.

बारा. पाणी फळ्यांना लागलं. आईने भात मागितला. माझ्या हातचा पहिल्यांदाच खाते आहे. भात खाल्ला. तुकडी कडेला सारली. म्हणाली, आज त्याची पाळी.

साडेबारा. मीच आणलं तिला. मीच. घरी तर पाणी नव्हतं —

जनीबाय म्हणते तिला धर. धरतो. हात भाताचे, ओले, ती सुटते आहे. हसते आहे.

कठड्यावर तीन घास. एक वडिलांचा. एक दादूचा. तिसरा मी ठेवला नाही. त्यावर आईची बोटं उमटली आहेत, भाकरीवर उमटतात तशी.

कावळा आला. तिसऱ्याला शिवला. लगेच. तिचं काहीच राहिलेलं नाही.

मान वर करत नाही. लिहितो आहे तोवर ती खुर्चीवर आहे. फळ्यांवर पावलं वाजतात, ओली, दोघांची. माझ्यापाशी थांबली. कागदाच्या कडेला कुणीतरी एक तुकडी सारून ठेव—