छत्रीवाल्या बेडकापुढे बाबा

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (अगदी अक्षरशः. काल माळ्यावरून जुन्या रजयांचं खोकं काढताना कंबर धरली, तेव्हापासून मी सतरंजीवर पालथा पडून आहे आणि त्याच आसनात लिहितोय. अक्षराला हसू नकोस.) तू आणि भावजी मजेत असाल असं धरून चालतो. आई ठणठणीत आहे, म्हणजे दिवसभर कुणावर ना कुणावर चिडलेली असते.

बाबांच्या झटक्याचं तुला आईने फोनवर सांगितलंच आहे. मेंदूतली गुठळी काढायच्या ऑपरेशनला आम्ही चळाचळा कापत होतो. त्यातून बाबा केस कापून आल्यासारखे बाहेर आले. आणि घरी आल्यावर सदऱ्याच्या एका बटणाने त्यांना रडकुंडीला आणलं. उजव्या हाताची बोटं ऐकेनात. ज्या माणसाने जन्मभर कारखान्यात लेथवर केसाएवढा फरक बोटाने ओळखला, त्याला व्यायामवाल्या बाईंनी दाबायला रबरी चेंडू दिला. बाबांनी तो डाव्या हाताने खिडकीबाहेर फेकला. (नेम उत्तम. खालच्या शिंप्याच्या टेबलावर पडला.)

म्हणून मी आपला जुना व्हिडिओ गेम काढला. तोच, पत्र्याचा शिपाई किल्ला चढतो तो. बटणं दाबली की अंगठा हलेल, एवढाच हेतू. पण तुला तो गेम माहीत आहे. पहिल्या मजल्याच्या शेवटी जो दरवान असतो, तो फुंकरीने पडतो. आणि दुसऱ्या मजल्यावर लगेच तो छत्रीवाला बेडूक! उडी मारली की छत्री उघडतो, वाकलं की डोक्यावर बसतो, पळालं की जीभ काढतो. बाबा रोज सकाळी चहा झाला की त्याच्यासमोर बसायचे आणि जेवणापर्यंत मरत राहायचे. आई स्वयंपाकघरातून विचारायची, “मेला का तो मेला?” (हे ती विनोद म्हणून विचारत नाही, त्यामुळे हसायची सोय नाही.)

शेवटी मला बघवेना. पुढच्या मजल्यावर थेट जायचा परवलीचा शब्द मला पाठ होता, तो मी घातला. तिसऱ्या मजल्यावर लोखंडी हत्ती, अख्खा पडदा भरून. बाबा सावरून बसले. तो हत्ती पोटाखाली उभं राहिलं की काहीच करत नाही, आपला आपण कोसळतो. त्याच्यापुढचे दोघे तसलेच. आणि ज्याच्या नावाने सुरुवातीपासून धमक्या येतात तो काळा राजा सिंहासनावरून उतरला, खांबात अडकला आणि तिथेच मार खाऊन मेला. वाजंत्री वाजली.

बाबांनी गेमचा बटणांचा डबा मांडीवर ठेवला. मग म्हणाले, “याची तपासणी कुणी केली रे? शेवटी बेडूक पाहिजे होता. ड्रॉइंग उलटं धरलंय कुणीतरी.”

“जिंकलात की पण!”

“बेडकाला टाळून आलो. हे जिंकणं नव्हे.”

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी त्यांना तोंडावर सांगितलं की बोटं यापुढे सुधारणार नाहीत, लेथ विसरा. मी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. बाबांनी मान हलवली आणि विचारलं, “अंगठ्याचं काय?” घरी येऊन पुन्हा बेडकासमोर बसले. दुपारी त्यांच्या हातून बटणांचा डबा निसटला. उचलायला गेले, जमेना. तेव्हा ते जमिनीकडे बघत म्हणाले, “तिला जमायचं. शाळेतून आली की पहिलं त्याला मारायची.” ताई, तुझं लग्न झाल्यापासून या घरात बाबांनी तुझा विषय काढलेला मी पहिल्यांदा ऐकला. आई कणीक मळायची थांबली. बाबांनी मला टीव्ही बंद करायला सांगितलं.

बाकी सर्व क्षेम. मी दोन दिवसांत उठून बसेन म्हणतात. भावजींना नमस्कार. कधी सवड झाली तर ये.

तुझा,
पालथा भाऊ

ता. क. बेडकाची युक्ती मला फोनवर सांगू नकोस. मला ती येते. पहिल्या दिवसापासून येत होती, आणि बाबांनी विचारली तेव्हा ‘विसरलो’ म्हणून सांगितलं. त्यांच्या शेजारी बसून तू त्याला मारावंस, एवढंच हवंय. बाबा बोलतील की नाही, याची हमी देत नाही.

ता. ता. क. व्यायामवाल्या बाई आता येत नाहीत. परवा झोपेत बाबांना दुसरा झटका येऊन गेला. छोटा होता, पण डॉक्टर आता पुढच्या महिन्याचं काही बोलत नाहीत. आई हे तुला फोनवर सांगू शकली नाही, म्हणून पत्र. वर ‘सवड झाली तर’ लिहिलंय, ते खोड. आजच नीघ.