विणकामाच्या शेडमधला माणूस

प्रिय ताई,

पत्राची सुरुवात ‘प्रिय’ने करायची असं आईने आपल्या दोघींना शिकवलं, म्हणून केली. पुढचं वाचून तो शब्द खोडावासा वाटला, तर खुशाल खोड. माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसले.

माझं फोटोचं दुकान बरं चाललंय. गुडघे कुरकुरतात, पण तक्रार कुणाकडे करणार? शनिवारची मात्र वाट पाहते. तुझ्या दप्तरखान्यातल्या काचेच्या निगेटिव्ह लोकांसमोर उघडायचं वरून ठरलं, तेव्हा तू बैठकीत नाक मुरडलंस म्हणे, “हौशा-गवशांचा बाजार भरेल.” भरला गं, चांगला भरला! साहेबाच्या राज्यात तुरुंगात काढलेले ते चेहरे आम्ही दर शनिवारी वाचनालयाच्या माडीवर पडद्यावर भिंतीएवढे मोठे करून लावतो. स्कॅनिंग माझ्याकडे. कैद्यांची नातवंडं येतात, विद्यापीठातले दोघं अभ्यासक येतात, एक म्हातारे जेलर येतात आणि सगळ्यांशी भांडतात. कुणी म्हणतं, हा आमच्या आत्याचा सासरा. कुणी म्हणतं, छे, त्याला एवढे केस कुठले! मग घरातले जुने फोटो निघतात, फोन लागतात, आणि संध्याकाळपर्यंत नुसत्या क्रमांकाचा माणूस होतो.

तू या कामाला घाबरत होतीस. का, ते मला उशिरा कळलं.

आई शेवटच्या आजारापूर्वी तुझ्या ऑफिसात आली होती, आठवतं? मी तिच्यासोबत होते. तिचे वडील तुरुंगात गेले तेव्हा ती आजीच्या पोटात होती, आणि ते तिथेच वारले. त्यांचा चेहरा तिने कधी पाहिला नव्हता. त्यांचा डावा कान अर्धा तुटलेला होता, एवढंच आजीकडून ऐकलेलं. आणि कैदी क्रमांक, जो आजीला मरेपर्यंत पाठ होता. आई ठेवणीतले कपडे घालून तुझ्या दाराबाहेर बाकावर बसली. तू दोनदा समोरून गेलीस. तिसऱ्यांदा थांबलीस आणि कारकुनांच्या देखत म्हणालीस, “फक्त संशोधकांना परवानगी आहे, बाई.” बाई! जन्मदात्या आईला! घरी येताना ती एवढंच म्हणाली, “कामात होती गं ती.” मी मात्र त्या दिवशीच मनात गाठ मारली.

तुझी अडचण मला ठाऊक होती. न्यायाधीशांच्या घरात सून म्हणून जाताना तू आजोबांना देशभक्त करून टाकलंस. पुढे भाषणांतून सांगितलंस, मुलाखतींतून सांगितलंस. आजोबा कुलपं फोडायचे, ताई. तीन पेढ्या फोडल्या, चौथीला सापडले. आईला हे ठाऊक होतं आणि तिला त्याची लाज नव्हती. ती म्हणायची, “चोर होता, पण माझा बाप होता.”

गेल्या वर्षी कैद्यांच्या चेहऱ्यांचे डबे स्कॅनिंगला माझ्याकडे आले. निगेटिव्ह क्रमाने खाचांत उभ्या लावलेल्या, आणि आजोबांची खाच रिकामी. मी तुला फोन केला. फक्त क्रमांक सांगून विचारलं, ही कोणत्या डब्यात असेल? तू पटकन म्हणालीस, “ती फुटली ना.” ताई, ती जागेवर नाही हे मी तुला सांगितलंच नव्हतं. मग तू मीटिंग आहे म्हणून घाईने फोन ठेवलास. त्यानंतर तू फोन उचलला नाहीस.

मी खूप रडले. रागाने. ज्या चेहऱ्यासाठी आई तळमळत गेली, तो तू आपल्या हाताने फोडलास.

पण तू एक विसरलीस. तुझ्याकडे किल्ल्या होत्या, आमच्याकडे माणसं होती. आमच्यात एक कंडक्टरबाई आहेत; बोलायला लागल्या की तिकीट फाडल्यासारखं एकेक वाक्य हातात देतात. एका शनिवारी आम्ही तुरुंगातल्या कारखान्यांचे फोटो लावले होते. हे कैद्यांच्या डब्यांत नव्हतेच. साहेबाने प्रदर्शनासाठी काढलेले, यंत्रसामग्रीच्या डब्यांत ठेवलेले, म्हणून तुझ्या तावडीतून सुटले. विणकामाच्या शेडचा फोटो लागला आणि कंडक्टरबाई उठून उभ्याच राहिल्या. “हा माझा आजा. आणि त्याच्या मागावरचा हा जोडीदार कानतुट्या. कुलपं फोडायचा. आमचा आजा सांगायचा, तो तापाने गेला तेव्हा डोकं माझ्या मांडीवर होतं. बाळ झालं असेल का, एवढंच विचारत होता.”

मी पडद्याजवळ गेले. डावा कान अर्धा. आणि चेहरा, ताई, तुझा. तीच हनुवटी, ओठ दाबून धरायची तीच सवय. खोलीतल्या कुणाला काही सांगावं लागलं नाही. तुझा फोटो रोज पेपरात असतो. जेलरसाहेब तेवढे म्हणाले, “अरे, या तर संचालकबाई!” सगळे हसले. मला हसता आलं नाही.

तर आता कामाचं. आमच्या या सगळ्या फोटोंचं प्रदर्शन रविवारी तुझ्याच इमारतीत उघडतंय. दाराशी पहिला फोटो हाच, पुरुषभर उंच. तुझ्या सासरच्यांना आमंत्रणं मी स्वतः नेऊन दिली. फोटोखालची ओळ अभ्यासकांनी लिहायची नाही, घरच्यांनी आपल्या अक्षरात लिहायची, असं सगळ्यांनी मिळून ठरवलंय. कंडक्टरबाईंनी आपल्या आजाची लिहिली. आजोबांची जागा कोरी आहे. मला लिहिता आली असती. मी सांगितलं, थोरल्या नातीचा मान आहे. तू लिही, सगळ्यांसमोर: कोण होता, काय केलं, तुझा कोण लागतो. नाही लिहिलंस तर मी दिवसभर त्या फोटोशेजारी उभी राहीन आणि येणाऱ्या प्रत्येकाला आई त्या दिवशी कुठे बसली होती ते दाखवीन. सूड म्हणशील, तर हो, सूडच आहे. दार दहाला उघडेल. पेन भिंतीला दोरीने बांधून ठेवलंय.

तुझीच, दुसरी कुणाची होणार,
धाकटी