खापरपणजोबांचा हललेला फोटो

६ जाने., सोम.
लेकीच्या, मृ.च्या डोहाळजेवणाची तारीख ठरली, १५ फेब्रुवारी. भेट म्हणून कापडावर दोन वंशवृक्ष भरून देणार आहे, एक आमचा, एक जावयाचा, टॉमचा. क्रॉस-स्टिच कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर्सनी शिकवलेली. डोळे आता तसे नाहीत, हात मात्र विसरलेले नाहीत. आमच्याकडची नावं तोंडपाठ. टॉमकडची त्याच्या आजोबांपाशीच संपतात. विचारलं तर हसला. म्हणाला, एक पूर्वज तुमच्याच देशात पुरलाय, आई. विल्यम. खाणकामगार. एवढंच माहीत.
हे असते तर आजच लायब्ररीत पळाले असते.

१४ जाने., मंगळ.
संक्रांत. तिळगूळ घेऊन बसने जीनकडे गेले. टॉमची आत्या, ऐंशीची, नॉटिंगहॅमबाहेरच्या जुन्या कोळशाच्या गावात एकटी राहते. विल्यम तिचा पणजोबा. कॉर्नवॉलमधली कथिलाची खाण बंद पडली, म्हणून बायको-मुलाला घेऊन कोलारच्या सोन्याच्या खाणीवर गेला. तिथे दारूच्या नशेत शिडीवरून पडून मेला. बायको मुलाला घेऊन परतली, आणि मुलगा इथल्या कोळशात उतरला.
घर कट्टर चॅपलवालं, दारूला पाप मानणारं. ख्रिसमसच्या केकमध्येसुद्धा रम चालत नाही. म्हणून विचारलं, मग विल्यमच कसा असा निघाला?
"विल्यमच नाही. आमच्याकडचे सगळे पुरुष पिणारे," जीन म्हणाली. "बाटली मात्र कुणाच्या हातात कधी दिसली नाही."
तिळाची वडी तिला आवडली. परत येताना बसमध्ये उगाच थंडी वाजत राहिली.

२५ जाने., शनि.
जीनने टॉमबरोबर फोटो पाठवला. कोलार, खाणीच्या तोंडाशी उभे असलेले लोक, पुढे बसलेले आपले कामगार, डोक्याला फडकी बांधलेले. तेव्हा फोटो काढायचा म्हणजे बराच वेळ श्वास रोखून उभं राहायचं. सगळे राहिलेत. मिशीचा केस न् केस दिसतो. एकटा विल्यम हललाय. तोंड पुसट, हातांच्या जागी नुसता धूर. 'बघा, तेव्हाही प्यायलेला,' टॉम म्हणाला.
भिंग घेऊन बसले होते. बाजूला टॉमच्या हातून कप पडला. या महिन्यातला... मोजत नाही.

२६ जाने., रवि.
झोप नाही. अर्धं आयुष्य हॉस्पिटलात फिजिओ म्हणून लोकांची चाल बघण्यात गेलं. दारुड्याची चाल वेगळी. टॉमची वेगळी.
रोगाचं नाव इथे लिहीत नाही. आई-बापांपैकी एकाकडून येतो. प्रत्येक मुलाला अर्धी शक्यता. चाळिशीच्या आसपास डोकं वर काढतो, आधी हातपाय, मग स्वभाव, मग माणूसच. औषध नाही.
टॉम मेमध्ये चाळीस पूर्ण करील.
लग्न ठरलं तेव्हा पुण्याहून मावशीने फोनवर विचारलं होतं, 'त्यांच्या घरात कुणाला काही आहे का गं?' आपल्याकडे विचारतातच. मृ. केवढी हसली होती. मावशी, अगं इंग्लंड आहे हे. मीही हसले.

९ फेब्रु., रवि.
पुन्हा जीनकडे. आडून आडून विचारायचं ठरवलं होतं, जमलं नाही. टॉमचे वडील कसे गेले? जिन्यावरून पडून, पंचेचाळिशीत. त्याआधी? जीनने कप खाली ठेवला. म्हणाली, तिचे वडील जेवताना खुर्चीत नाचायचे. पोरंसोरं हसायची. मग भाऊही तसाच.
"डॉक्टर काय म्हणाले?"
"आम्ही दारू म्हणायचो. दारूसाठी प्रार्थना तरी करता येते."
टॉमला ठाऊक आहे का, ते विचारायचं धाडस झालं नाही.
झाड भरून झालंय. टॉमच्या नावाखाली थोडी जागा सोडलीय.

१६ फेब्रु., रवि.
काल पार पडलं सगळं. हिरवी साडी, फुलांचे दागिने. पोर गोड दिसत होती. झाकलेल्या वाट्यांतली एक उघडली, पेढा निघाला. मुलगा, मुलगा, म्हणून बायकांनी टाळ्या पिटल्या. गाणं संपलं होतं. टॉमचा पाय मात्र चालूच होता.
आज किचनमध्ये मी भांडी विसळत होते, तो पुसत होता. हळूच इंग्रजीत म्हणाला, "आई, तुम्ही माझ्या पायांकडे बघता."
नळ बंद केला.
अठराव्या वर्षापासून ठाऊक आहे त्याला. टेस्ट केलेली नाही. करायचीही नाही. मृ.ला काही सांगितलेलं नाही. बाळ होईपर्यंत तुम्हीही बोलू नका, प्लीज.
"आणि नंतर कोण बोलणार?"
तेच ताट पुसत राहिला.
माझं लेकरू. तिचं लेकरू. हाही कुणाचं तरी लेकरूच, बापाला जिन्याखाली पाहिलेलं.
तेवढ्यात बाहेरून मृ.ची हाक, तिच्या इथल्या मोडक्या मराठीत. "आई, तो कापड आण ना. टॉमच्या साईडला एक जागा रिकामा आहे. काय भरणार तिथे?"
कापड घेऊन गेले. तिने सोफ्यावर शेजारी थोपटलं. "बस इथे. नीट सांग सगळं, विल्यमपासून."
बसले. टॉम दारात उभा होता, हातात ताट.