ललितची घागर

१९ मार्च, गुरुवार. पाडवा.

ठरवलं. या आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, ललितची घागर भरायची; गेलेल्या माणसाची भरतात तशी.

अजून कोणाला सांगितलेलं नाही. इथे लिहून ठेवते, म्हणजे मागे फिरता येणार नाही. नवरा घरातून गेला त्याला या महिन्यात सात वर्षं झाली. मोटारसायकल जळगाव स्टेशनच्या स्टँडवर सापडली, तो सापडला नाही. वकील म्हणतात, सात वर्षं काही खबर नसली की माणूस गेला असं कोर्टसुद्धा धरून चालतं. कोर्टाला कळतं, मग मला कळायला काय हरकत आहे!

गुढी अक्कानेच उभारली. सत्तरीची सासू स्टुलावर, आणि मी खालून स्टूल धरून. हात गुढीला, डोळे फाटकाकडे. दर सणाला तिचं हेच.

२२ मार्च, रविवार.

कॉलनीच्या हॉलमध्ये मीटिंग. अध्यक्ष गिरधर नाना वही घेऊन. मुलांची चित्रकला, आई-मुलांनी मिळून कुरडया, चैत्रगौरीचं हळदीकुंकू, आणि आखाजीला ओपन स्पेसमधल्या निंबाला झोका. यंदा नवीन काय, तर गौराईच्या गाण्यांचा वर्ग. हल्लीच्या पोरींना एक गाणं धड येत नाही. येणारी कॉलनीत एकच बाई उरली आहे — आमची अक्का.

आणि हे सगळं बघायचं कोणी? कामिनीताईंनी, म्हणजे मीच! दिवसभर शाळेत बालवाडी, संध्याकाळी कॉलनीत बालवाडी. "तुम्हाला काय, घरी वाट बघणारं कोणी नाही," नाना बोलून गेले. मग जीभ चावली. मी खाली मान घालून यादी करत राहिले.

२९ मार्च, रविवार.

वर्गाला अकरा पोरी! अक्का पहिल्यांदा लाजली, मग अशी सुटली की थांबेना. "पोरीसहोन, गानं पोटमाईन म्हना!" मागच्या गल्लीतली रूही सगळ्यांत गोड गाते. तिच्या आईने पाठवली, घरी नुसती मोबाईल बघत बसते म्हणून.

गाणं सासरी असलेल्या मुलीचं. आखाजीला भाऊ न्यायला येणार, म्हणून ती वाटेकडे बघत बसली आहे. माझ्या ऋतिकाने विचारलं, "अक्का, तो आलाच नाही तर?"

"येस वं. गानामा बठ्ठा येतस." गाण्यात सगळे येतात म्हणे!

ऋतिकाची दहावीची परीक्षा संपली. आज पिवळा ड्रेस घातला होता, बेबामावशीने दिलेला. अक्का दर दिवाळीला दोंडाईच्याला या बहिणीकडे जाते आणि नातीला ड्रेस घेऊन येते. मावशी बिचारी दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचते, आणि ड्रेस मात्र असा भारी! गरिबाची माया मोठी असते, हेच खरं.

३ एप्रिल, शुक्रवार.

अक्काला सांगितलं. जेवताना सांगायला नको होतं.

ती म्हणाली, "जित्ता माणूसनी घागर भरतस का?"

"अक्का, सात वर्षं झाली."

"सत्तर होऊ दे."

ताट सरकवून उठली. भरीत तसंच राहिलं.

तिचा मुलगा आहे. मला कळतं. ऋतिका संध्याकाळी अर्धा तास उशिरा आली तर माझा जीव जागेवर नसतो. पण माझं काय? मी कोण आहे ते मला एकदा कळू दे. रडून मोकळी होईन. सात वर्षं धड रडलेसुद्धा नाही — रडलं तर अपशकुन म्हणे!

५ एप्रिल, रविवार.

गच्चीवर कुरडया. अक्का बोलत नाही. चिकात मीठ जास्त पडलं, माझ्याच हातून.

८ एप्रिल, बुधवार.

हॉलमध्ये हळदीकुंकू. डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे सगळं मीच केलं. कार्यक्रम सुरू झाला की मी पन्ह्याच्या पातेल्याजवळ उभी राहते. दर वर्षीची माझी जागा. तिथून हलायचं कारण पडत नाही.

दिपमाला करंडा घेऊन ओळीने येत होती. चांगली आहे, शेजारीण म्हणून जीव लावते. माझ्यासमोर आली आणि तिचं बोट थांबलं. कुंकवात बुडवलेलं बोट, तसंच हवेत. लावायचं की नाही? तिला कळेना, मलाही सांगता येईना. सवाष्ण म्हणावं तर नवरा नाही, विधवा म्हणावं तर कोणी मेलेलं नाही. मी हसले, पन्ह्याचा पेला पुढे केला.

तेवढ्यात अक्का उठली. पाच दिवस माझ्याशी न बोललेली बाई. दिपमालाच्या हातून करंडा घेतला आणि माझ्या कपाळाला हे एवढं ठसठशीत कुंकू लावलं. सगळ्या बायकांसमोर. सात वर्षं दर हळदीकुंकवाला ती हेच करते. बाकीच्यांचे हात अडखळतात, तिचा कधी कापलासुद्धा नाही.

अशी सासू कोणाला मिळते? माझ्या सख्ख्या आईनेसुद्धा पहिल्याच वर्षी मला हिरव्या बांगड्या भरू दिल्या नव्हत्या.

घागरीचा हट्ट सोडावा का?

११ एप्रिल, शनिवार.

नाही सोडणार. कुंभारवाड्यातून लाल घागर आणली. कपाटात ठेवली.

१२ एप्रिल, रविवार.

घागर फुटली! मोरीत तीन तुकडे. "मांजर," अक्का म्हणते. आमच्या कॉलनीतली मांजरं कपाटाची कडी उघडायला कधी शिकली कोण जाणे.

भांडले नाही. तुकडे गोळा करताना तिच्याकडे पाहिलं तर पदराचं टोक तोंडात धरून बसली होती.

१४ एप्रिल, मंगळवार.

दुसरी घागर आणली. हॉलच्या कपाटात, चित्रकलेच्या रंगांमागे. किल्ली माझ्या कमरेला. कोणाची मांजर येते ते बघते!

१६ एप्रिल, गुरुवार.

ऋतिकाला विचारलं. वाटलं होतं चिडेल. ती टोपलीतल्या गव्हाला पाणी घालत होती. गौराईपुढे पेरलेले गहू बोटभर वर आलेत.

"भर आई," म्हणाली. "मला बाबांचा आवाज आठवत नाही. हेल्मेटचा वास तेवढा आठवतो."

नऊ वर्षांची होती तेव्हा. गेला त्या मंगळवारी त्याने तिच्या दोन वेण्या घातल्या होत्या, मला शाळेत जायला उशीर झाला होता म्हणून. एक वर, एक खाली. ती तशीच शाळेत गेली आणि आठ दिवस सोडू देईना. किती राग आला होता मला त्या वेण्यांचा.

आज दोघी मिळून रडलो. गव्हात पाणी जास्त झालं.

१८ एप्रिल, शनिवार.

झोका बांधला. इसाकभाई सुतारांनी बसायची फळी रंधा मारून आणली, कोपरेसुद्धा गोल केले. "पोरींचे कपडे अडकायला नको ताई." ऊन त्रेचाळीस, पण निंबाखाली पोरींची झुंबड.

उद्या सकाळी आधी घरी घागर, मग ओपन स्पेसमध्ये गाणी. पुरण शिजवून ठेवलं, सांजोऱ्या झाल्या. घागरीवर ठेवायला डांगर, म्हणजे खरबूज, आणि दोन आंबे आणले. घागर भरायची, निखाऱ्यावर घास टाकायचा आणि टाकताना गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं. आगारी झाली की तो आपल्यातून गेला. एवढंच आहे.

अक्का स्वयंपाकघराच्या दारात आली. म्हणाली, "तुले जे करनं शे ते कर." मी तिचे पाय धरले. म्हटलं, "अक्का, आपण दोघी मिळून करू. तुझाही जीव सुटेल यातून."

तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही. दर वेळी ठेवते.

१९ एप्रिल, रविवार. आखाजी.

घास हातात घेतला. 'ल' म्हटलं असेल-नसेल, अक्काने मनगट धरलं.

"नाव लेवू नको. जित्ता शे तो. सुरतले शे. बाई शे, पोऱ्या शे चार वरीसना."

दर दिवाळीला तो दोंडाईच्याला येतो. ड्रेस त्यानेच दिलेले. मावशीला ठाऊक, अक्काला पहिल्या वर्षापासून ठाऊक. "तू पोरले लिसन निंघी जाशी, म्हनीसन नही सांगं." मी पोरीला घेऊन निघून जाईन, ही भीती!

कुंकू लावताना तिचा हात का कापत नव्हता, ते आज कळलं.

बाहेर पोरी हाका मारत होत्या. अक्काने तोंड धुतलं, गेली आणि गायली. मी घागर उचलून निंबाखाली नेऊन ठेवली. रूहीने विचारलं, ही कशाला? म्हटलं, प्यायला. ऊन फार आहे.

पहिला पेला ऋतिकाने घेतला. पिवळ्या ड्रेसवर सांडत सांडत, घटाघटा प्यायली.